वगळण्याचे शास्त्र : डिजिटल पुराव्याच्या यांत्रिक छाननीचा इतिहास

गुन्ह्याच्या तपासात संगणकाची मदत घेतली जाऊ लागली ती यंत्र माणसापेक्षा वेगाने वाचते म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. डिजिटल फॉरेन्सिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राचा, म्हणजे संगणक, मोबाइल फोन व तत्सम साधनांत साठलेल्या माहितीतून न्यायालयात टिकेल असा पुरावा काढण्याच्या विद्येचा, गेल्या चार दशकांचा इतिहास या समजाला फारसा दुजोरा देत नाही. जप्त केलेल्या मुद्देमालातील कोणता भाग तपासनिसाने पाहण्याची गरज नाही, हे ठरवण्याचे काम यंत्राकडे आधी गेले. उरलेल्या भागाचा अर्थ लावण्याचे काम त्याच्याकडे पुष्कळ उशिरा आणि तेही अर्धेमुर्धेच आले. या क्रमाला महत्त्व आहे, कारण न्यायालयात उलटतपासणी होते ती सापडलेल्या गोष्टींची. वगळलेल्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारण्याची संधी क्वचितच कोणाला मिळते.

ही वगळण्याची रीत संगणकाच्याही आधीची असून तिचा एक मोठा टप्पा कलकत्त्यात गाठला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्यापुढची अडचण ठशांच्या तुलनेची नव्हती, शोधाची होती. दोन ठसे शेजारी ठेवले तर ते एकाच माणसाचे आहेत की नाहीत, हे कसलेल्या नजरेला सांगता येत होते, पण हजारो पत्रिकांच्या ढिगातून नेमकी कोणती पत्रिका शेजारी ठेवायची हे कळण्याचा मार्ग नव्हता. हेन्रींच्या हाताखालील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमातून जी पद्धत बसली तिच्यात दहा बोटांच्या पाच जोड्या पाडून त्यांना अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ अशा किमती दिल्या होत्या. बोटावर चक्र असेल तर ती किंमत धरायची, फाशासारखे वळण किंवा कमान असेल तर शून्य धरायचे, जोडीतील एका बोटाची किंमत अंशात व दुसऱ्याची छेदात मिळवायची आणि शेवटी दोहोंत एकेक वाढवायचा. त्यातून ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ वर्ग मिळतात आणि तेवढ्याच खणांच्या कपाटात साऱ्या पत्रिका लावता येतात. दहा बोटे, प्रत्येकासाठी होय किंवा नाही एवढेच उत्तर, आणि त्यांतून दोनाचा दहावा घात : संगणकाच्या अभ्यासकाला हे द्विमान गणित पाहताक्षणी ओळखू येईल, जरी ते मांडणाऱ्यांपुढे कोणतेही यंत्र नव्हते. १८९७ साली कलकत्त्यात या पद्धतीवर चालणारा अंगुलिमुद्रा विभाग सुरू झाला आणि १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डाने ती स्वीकारली. नाव मात्र तिला हेन्रींचेच चिकटले. हक यांचे गणित आणि बोस यांनी तयार केलेली उपवर्गीकरणाची व तारेने ठसे कळवण्याची सांकेतिक रीत यांचे श्रेय मान्य होण्यास बराच काळ जावा लागला.

नवी पत्रिका आली की कारकून एक खण उघडत असे आणि उरलेले १,०२३ खण न उघडता बाजूला राहत. पद्धतीचे सारे सामर्थ्य या न उघडलेल्या खणांत होते आणि तिचा धोकाही तिथेच होता. एखाद्या बोटावरचे वळण चक्र म्हणावे की नाही याविषयी चूक झाली, तर पत्रिका भलत्याच खणात जाई आणि ती असूनही सापडत नसे, म्हणून संदिग्ध ठशांसाठी पर्यायी खणही पाहण्याचा दंडक ठेवावा लागला. न्यायालयांनी या नव्या विद्येकडे सुरुवातीला सावधपणे पाहिले. १८९८ साली जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात छापील पंचांगावर उमटलेला रक्ताचा ठसा पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या पत्रिकेशी जुळला; त्यावरून चोरी शाबीत धरली गेली, खून मात्र शाबीत धरला गेला नाही. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांवरील तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले.

संगणकीय पुराव्याची गोष्ट यानंतर सुमारे ८५ वर्षांनी सुरू होते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने १९८४ साली चुंबकीय साधनांतील माहिती तपासण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातूनच पुढे तिचे संगणक विश्लेषण पथक उभे राहिले. त्या काळी घरगुती संगणकाची फ्लॉपी ३६० किलोबाइटची असे, तर १९८३ सालच्या आयबीएम एक्सटी या संगणकाची हार्ड डिस्क १० मेगाबाइटची होती. पानाला २,००० अक्षरे धरली तर ही हार्ड डिस्क म्हणजे ५,००० पानांचा दफ्तरखाना झाला, आणि एवढा दफ्तरखाना एखादा चिकाटीचा अधिकारी काही आठवड्यांत नजरेखालून घालू शकत असे. त्याची हत्यारेही या कामासाठी घडवलेली नव्हती. पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली विक्रीस आणलेली उपयुक्त आज्ञावल्यांची पेटी ही चुकून पुसलेली फाइल परत मिळवू पाहणाऱ्या सामान्य वापरकर्त्यासाठी होती. डॉस प्रणालीत फाइल पुसली म्हणजे यादीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाई आणि तिने अडवलेली जागा मोकळी असल्याची नोंद होई. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जागच्या जागी राही. आरोपीने पुसलेले पोलिसाने वाचावे यासाठी लागणारी फट अशी मुळातच प्रणालीत होती. डिस्कवरचे बाइट सोळाच्या पायावरील आकड्यांत पडद्यावर मांडून ते एकामागून एक वाचत जायचे, ही त्या पिढीची रीत होती आणि तिच्यात वगळण्याला जागाच नव्हती.

१९९० नंतर साठवणुकीची क्षमता वाढत गेली तशी ही रीत मोडकळीस आली. एक टेराबाइटच्या डिस्कला वरचाच हिशेब लावला तर ५० कोटी पाने होतात, आणि ती वाचणे कोणत्याही पथकाच्या आवाक्यात नाही. मात्र अशा डिस्कवरचा फार मोठा भाग आरोपीने निर्माण केलेला नसतो. कार्यप्रणाली, तिची चित्रे व अक्षरवळणे आणि विकत घेतलेल्या आज्ञावल्या यांच्या फाइली लाखो संगणकांवर जशाच्या तशा असतात. धान्य निवडताना खडे वेचून टाकतात, येथे धान्य टाकून खडा शोधायचा होता, आणि त्यासाठी प्रत्येक दाणा क्षणार्धात ओळखण्याची युक्ती हवी होती. ती हॅश या कल्पनेत सापडली. हॅश म्हणजे कितीही लांबीच्या मजकुरावर ठरावीक गणिती क्रिया करून मिळणारी ठरावीक लांबीची संख्या. मजकूर तोच असेल तर संख्या तीच येते आणि त्यात एक बिट जरी बदलला तरी संख्या पूर्णपणे बदलते. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली रचलेली एमडी५ ही १२८ बिटांची रीत या धंद्यात लवकरच रुळली. तिचा पहिला उपयोग प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून झाला : मूळ डिस्क आणि तिची बाइटगणिक उतरवलेली प्रत यांचे हॅश जुळले की तपासणी प्रतीवर करता येते आणि मूळ वस्तू मोहोरबंद राहते. दुसरा उपयोग वगळण्याचा, आणि परिणामांच्या दृष्टीने तो अधिक दूरगामी ठरला.

या दुसऱ्या उपयोगासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने चालू शतकाच्या आरंभी उभारलेला संदर्भसंग्रह मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. मेरीलँड राज्यातील गेथर्सबर्ग येथे या संस्थेने बाजारातील आज्ञावल्या मूळ खोक्यांसह जमवल्या, त्यांतील प्रत्येक फाइलचा हॅश काढला आणि ती यादी जगभरच्या प्रयोगशाळांना खुली केली. खोकी जपून ठेवण्यामागे कायद्याचा विचार होता, कारण न्यायालयात कोणी विचारले की ही संख्या कोठून आली, तर ती ज्या वस्तूतून आली ती दाखवता यावी. तपासनिसाचे साधन जप्त डिस्कवरील लाखो फाइलींचे हॅश या यादीशी ताडून पाहते आणि जुळलेल्या फाइली पडद्यावरून नाहीशा करते. यादीत असलेली फाइल म्हणजे माहीत असलेली फाइल, निरुपद्रवी फाइल नव्हे, असे संस्था सांगत आली आहे. घुसखोरीला किंवा मजकूर दडवायला उपयोगी पडणाऱ्या आज्ञावल्यांचे हॅशही या यादीत आहेत. कामाच्या घाईत हा भेद टिकणे अवघड असते. एखाद्या संगणकावर पासवर्ड फोडणारी आज्ञावली असणे हाच जेथे खटल्याचा मुद्दा असू शकतो, तेथे ती माहीत असलेली म्हणून पडद्यावरून जाणे हा तपासाचा दोष ठरतो आणि तो दोष अहवालात दिसत नाही.

हॅशची काटेकोरी हीच त्याची मर्यादाही होती. २००४ साली चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ सारखाच येईल अशा दोन भिन्न मजकुरांची जोडी बांधून दाखवली, आणि २०१७ साली ॲमस्टरडॅमची गणितसंस्था व गुगल यांनी एसएचए-१ या दुसऱ्या प्रचलित रीतीचीही तीच गत केली. कोणत्याही दिलेल्या फाइलसाठी तिचा जुळा घडवणे अजून व्यवहार्य नसल्याने जुन्या याद्या निरुपयोगी झाल्या नाहीत. व्यवहारातली अडचण निराळीच होती : ज्याला ओळख चुकवायची आहे त्याने चित्राचा एक ठिपका बदलला तरी ते यादीतून निसटत असे. यावर जेसी कॉर्नब्लम यांनी २००६ साली मजकुराचे तुकडे पाडून साम्याचे प्रमाण सांगणारा अंदाजी हॅश मांडला, ज्याचे मूळ नको असलेली टपाल ओळखण्यासाठी अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिहिलेल्या आज्ञावलीत होते. २००९ साली मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ महाविद्यालयातील हानी फरीद यांनी फोटोडीएनए ही रीत पुढे आणली. तिच्यात चित्र रंगहीन करून एका मापाचे केले जाते, त्याचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातील उजेड-अंधाराच्या चढउतारांवरून त्याची ओळख ठरते, त्यामुळे आकार बदललेले किंवा पुन्हा जतन केलेले चित्रही सापडते. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे शोधण्याच्या कामी या रीतीने तपासनिसांच्या डोळ्यांवरचा आणि मनावरचा जो भार हलका केला, त्याची बरोबरी या इतिहासातील दुसऱ्या कोणत्याही शोधाला करता येणार नाही.

याच काळात एक शाखा उलट दिशेने वाढत होती. पुसलेल्या फाइलींची यादीच नष्ट झालेली असेल तर कच्च्या बाइटांच्या प्रवाहातून फाइली कोरून काढाव्या लागतात. जेपीईजी चित्राची सुरुवात व शेवट ठरावीक बाइटांनी होतो, तेव्हा त्या खुणा शोधून मधला भाग उचलायचा, हे तत्त्व अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागातील क्रिस केंडल आणि कॉर्नब्लम यांनी फोरमोस्ट या आज्ञावलीत उतरवले. सिम्सन गारफिंकेल यांनी त्याही पुढे जाऊन फाइल ही कल्पनाच बाजूला ठेवली. त्यांनी आणि अभी शेलाट यांनी बाजारातून जुन्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन २००३ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या आणि उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे ५,००० हून अधिक क्रमांक सापडले. गारफिंकेल यांच्या पुढच्या साधनाने सारी डिस्क मोठमोठ्या तुकड्यांत फोडून अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी चाळायची, तिच्यातून ई-मेलचे पत्ते, संकेतस्थळे, दूरध्वनी व कार्डांचे क्रमांक वेचायचे आणि कोणता पत्ता किती वेळा आला याची उतरती यादी मांडायची, असा परिपाठ घातला. सोळा अंकांची कोणतीही रांग कार्डाचा क्रमांक ठरू नये म्हणून या शोधात लून यांची तपासणी वापरतात. आयबीएमचे हान्स पीटर लून यांची ही क्रिया १९५० च्या दशकातली, आणि हॅशची कल्पना लेखी मांडणाऱ्या पहिल्या काही जणांतही, १९५३ सालच्या टिपणामुळे, त्यांचेच नाव घेतले जाते. गुन्हेतपासाशी संबंध नसलेल्या एका अभियंत्याचे या विद्येवर असे दुहेरी ऋण आहे.

विखुरलेल्या साधनांना एकाच खिडकीत आणण्याचे काम गायडन्स सॉफ्टवेअर या कंपनीच्या १९९८ सालच्या एनकेस या आज्ञावलीने केले. डॅन फार्मर व विट्झे वेनेमा यांची युनिक्ससाठीची साधने आणि त्यांच्या आधारावर ब्रायन कॅरियर यांनी उभारलेला स्लूथ किट हा संच सर्वांना खुला असल्याने, यंत्र नेमके काय करते हे पाहण्याची सोयही काही काळ तरी राहिली. आइसलँडचे क्रिस्टिन गुडयॉनसन यांच्या लॉग२टाइमलाइनने डझनभर प्रकारच्या नोंदींतील वेळा एका कालपटावर आणल्या. १९९९ ते २००७ या काळाला गारफिंकेल यांनी २०१० साली या शास्त्राचे सुवर्णयुग म्हटले आणि ते संपत असल्याचेही बजावले. त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु त्या सुवर्णयुगाचा एक परिणाम त्यांच्या चिंतेपेक्षा निराळा होता. बाइट वाचता न येणारा अधिकारीही आता अहवाल देऊ लागला होता, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात तो साधनाने सांगितलेले सांगत होता.

याची किंमत किती असू शकते हे फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे २०११ साली चाललेल्या एका बालिकेच्या मृत्यूच्या खटल्यात दिसले. घरातील संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीचे एक पान ८४ वेळा उघडले गेले, असे सरकार पक्षाने एका आज्ञावलीच्या आधारे मांडले, आणि कटाचा संशय त्या आकड्यामुळे बळावला. फायरफॉक्स या ब्राउजरच्या त्या वेळच्या आवृत्तीत इतिहासाची नोंद मॉर्क नावाच्या विचित्र गुंतागुंतीच्या स्वरूपात ठेवली जाई, आणि त्यातील पुसलेली नोंद वाचताना आज्ञावलीची ओळींची गल्लत झाली होती. दुसऱ्या साधनाने त्याच नोंदीतून काढलेला आकडा एक होता. ८४ भेटी मायस्पेस या समाजमाध्यमाच्या पानाच्या होत्या. आज्ञावली लिहिणाऱ्याने साक्ष दिल्यानंतर स्वतःच फेरतपासणी करून ही चूक सरकार पक्षाला कळवली. आरोपी खुनाच्या आरोपातून सुटली ती या एकाच कारणाने असे म्हणता येत नाही, पण दोन साधनांचे आकडे शेजारी ठेवले गेले म्हणूनच चूक उजेडात आली, एवढे निश्चित.

डेन्मार्कमधील प्रकरण याहून गंभीर म्हणावे लागेल, कारण तेथे चूक काही जास्तीचे सांगण्याची नव्हती. दूरध्वनी कंपन्यांकडून आलेल्या कच्च्या नोंदींचे वाचनीय तक्त्यांत रूपांतर करणारी पोलिसांची प्रणाली काही नोंदी गाळत होती, आणि गाळलेल्या नोंदींची कोठेही खूण उरत नव्हती. २०१९ साली हे उघड झाल्यावर सुमारे १०,७०० प्रकरणे फेरतपासणीस घ्यावी लागली, मोबाइलच्या नोंदी पुरावा म्हणून वापरण्यावर दोन महिन्यांची स्थगिती आली आणि कोठडीतील ३२ जणांना सोडण्यात आले. गुन्ह्याच्या जागी असलेला फोन नोंदीत नसेल तर तपास थांबतो, आणि दुसरीकडे असलेला नसेल तर आरोपीचा बचाव नाहीसा होतो. दोन्ही प्रसंगी तक्ता वाचणाऱ्याला तो पूर्णच वाटतो.

उदाहरणांवरून शिकणारी यंत्रे आल्यापासून वगळण्याचा नियमही शब्दांत सांगता येईनासा झाला. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायदंडाधिकारी अँड्र्यू पेक यांनी २०१२ साली एका दिवाणी दाव्यात सुमारे ३० लाख ई-मेल अशा यंत्राकरवी निवडण्यास मान्यता दिली : वकिलांनी काही हजार पत्रे संबद्ध की असंबद्ध ते ठरवायचे, त्यावरून यंत्राने उरलेल्यांना गुण द्यायचे आणि एका मर्यादेखालची पत्रे न वाचताच सोडायची. त्या व्यवस्थेतील एक तरतूद अनुकरणीय होती, ती म्हणजे सोडलेल्या ढिगातील नमुना काढून माणसांनी वाचायचा आणि त्यात किती संबद्ध पत्रे राहून गेली ते मोजायचे. फौजदारी प्रयोगशाळांत अशी मोजणी नित्याची झालेली नाही, आणि स्वातंत्र्य पणाला लागते ते मात्र तेथे.

भारतीय कायद्याने या प्रश्नाला वेगळ्या दाराने हात घातला. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने पुरावा अधिनियमात कलम ६५ब घातले. त्याचा साचा इंग्लंडच्या १९६८ सालच्या दिवाणी पुरावा कायद्यातून घेतलेला होता, आणि खुद्द इंग्लंडने ते कलम १९९५ सालीच रद्द केले होते. संगणकातून काढलेल्या प्रतीसोबत त्या संगणकाची जबाबदारी असणाऱ्याचे प्रमाणपत्र हवे, ही त्याची मुख्य अट. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सैल केली आणि २०१४ साली पुन्हा घट्ट केली. या उलटसुलट निर्णयांवर अखेरचा शब्द जालन्यातून गेलेल्या प्रकरणात पडला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाले की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरायचे होते, आणि त्या चित्रीकरणाचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळत नव्हते. मूळ साधनच न्यायालयात हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले, मात्र ते देण्यास टाळाटाळ होत असेल तर न्यायालयाने ते मागवावे असा मार्गही दाखवला.

जुन्या पुरावा अधिनियमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने हे प्रमाणपत्र दोन भागांचे केले असून पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा आहे. अनुसूचीतील नमुन्यात साधनाचा प्रकार, बनावट, अनुक्रमांक यांच्या जोडीला हॅशची संख्या लिहायची असते आणि ती कोणत्या रीतीने काढली यावर खूण करायची असते. त्या पर्यायांत एसएचए-२५६ आहे, आणि २००४ सालीच भेदली गेलेली एमडी५ सुद्धा आहे. सादर केलेली प्रत मुळाबरहुकूम आहे हे या नमुन्यावरून कळते; मूळ डिस्कवरील किती फाइली कोणत्या यादीशी ताडून, किंवा कोणत्या यंत्राच्या गुणांवरून, तपासनिसाच्या नजरेआड केल्या गेल्या, हे लिहिण्यासाठी त्यात रकाना नाही.